अ‍ॅश नसलेलं पोकेमॉन: दारव्हा तालुक्यातल्या एका वाचनालयातलं प्रकरण

पोकेमॉन नावाचे प्राणी पकडायचे, पाळायचे आणि त्यांच्या लढती लावायच्या, असा एक जपानी व्हिडिओ गेम आहे, आणि त्यावरून निघालेली कार्टून मालिका. २०२४ च्या उन्हाळ्यात पोकेमॉनची नवी मालिका, ‘होरायझन्स’, हंगामा वाहिनीवर हिंदीत लागायला लागली. तिच्यात जुन्या मालिकेचा नायक अ‍ॅश नाही. लिको नावाची मुलगी आणि रॉय नावाचा मुलगा हे तिचे नायक. यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यातल्या एका गावात ‘ड’ वर्गाचं सार्वजनिक वाचनालय आहे, त्याचं काम मी पाहते. सुटीत वाचनालयात येणाऱ्या पोरांमध्ये या मालिकेवरून दोन तट पडले. भित्तिपत्रकावर लावलेलं लिकोचं चित्र फाडलं गेलं आणि ते रेखाटणारी मुलगी यायची बंद झाली.

पोरांचं भांडण म्हणून हे सोडून देता आलं असतं. कार्यकारिणीतल्या एका ज्येष्ठांनी तसं सुचवलंही, "कार्टूनवरून भांडून रायले, त्यात काय पाह्यचं?" मला ते पटलं नाही. व्हिडिओ गेमवरून मालिका निघते तेव्हा चाहते चिडतात, हे जगभर होतं. ते नेमके कशावर चिडतात याचे धागे सहसा एकमेकांत गुंतलेले असतात. आमच्याकडे मंडळी मोजकी आणि ओळखीची होती, म्हणून ते सोडवून पाहता आले.

पोरं पोकेमॉनपर्यंत कशी पोचली

विदर्भात शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या नंतर उघडतात, जूनच्या शेवटी नाहीतर जुलै लागल्यावर. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो आणि सकाळी अकरानंतर पोरांना कुणी बाहेर सोडत नाही. मग दुपार घरात, कूलरसमोर. लाइन असली की टीव्ही, लाइन गेली की फोन. फोनही बापाचा. तो वावरात निघाला की फोन त्याच्याबरोबर गेला. ज्याच्या घरी टीव्ही जास्त चालतो तो मालिकेचा चाहता झाला, ज्याला भावाचा किंवा मामाचा जुना फोन मिळाला तो गेमचा. दोघंही स्वतःला पोकेमॉनवालेच म्हणवतात, त्यामुळे फरक चटकन लक्षात येत नाही.

टीव्हीवाल्या पोरांचं पोकेमॉन म्हणजे अ‍ॅश. भारतात ही मालिका २००३ मध्ये कार्टून नेटवर्कवर आली, म्हणजे या पोरांचे काका-मामाही तिच्यावर वाढलेले आहेत. पोरांनी मात्र ती पुनःप्रक्षेपणातच पाहिली, आणि तीही क्रम सोडून. आज कालोस प्रदेशातला भाग, उद्या अलोलाचा, परवा एकदम जुना कांटोचा. मधे लाइन गेली तर अर्धाच.

फोनवाल्यांचं पोकेमॉन म्हणजे ‘फायररेड’. गेम बॉय अ‍ॅडव्हान्स या निन्टेन्डो कंपनीच्या हातात धरायच्या यंत्रासाठी २००४ मध्ये आलेला हा गेम म्हणजे १९९६ च्या पहिल्या गेमची नवी आवृत्ती. इम्युलेटरवर, म्हणजे फोनला गेमचं यंत्र बनवणाऱ्या अ‍ॅपवर, तो साध्या फोनमध्येही चालतो आणि त्याला नेट लागत नाही. पोरांकडे आहेत त्या प्रती परवानगीच्या नाहीत, एका फोनवरून दुसऱ्यावर आलेल्या आहेत. वाचनालयाच्या संगणकावर आम्ही तो टाकू दिलेला नाही. पण निन्टेन्डोचं यंत्र आमच्या गावात कुणीही हातात धरलेलं नाही, आणि या पोरांना मूळ गेममध्ये शिरायला दुसरी वाट नव्हती, हेही लिहिलंच पाहिजे. ‘पोकेमॉन गो’ डिसेंबर २०१६ मध्ये रिलायन्स जिओच्या साथीनं अधिकृतपणे भारतात आला होता. पण तो फिरत फिरत खेळायचा, आणि त्याचे थांबे असतात शहरात. गावात त्याचा नकाशा रिकामा दिसतो.

गेममधला नायक आणि मालिकेतला नायक

फायररेड सुरू केला की प्रोफेसर ओक आधी विचारतात, तू मुलगा की मुलगी? मग नाव विचारतात. सात अक्षरांची जागा असते. मग आपल्या प्रतिस्पर्ध्याचंही नाव आपणच ठेवायचं, आणि आमच्याकडे तिथं हटकून जिवलग मित्राचं नाव पडतं. हा नायक पूर्ण गेममध्ये स्वतः काही बोलत नाही. तो रिकामा ठेवलेला आहे, आपण त्याच्यात शिरावं म्हणून. मुलगी निवडायची सोय पहिल्या गेममध्ये नव्हती, ती २००० सालच्या ‘क्रिस्टल’पासून आली.

मालिकेला असं रिकामं माणूस चालत नाही. तिला चेहरा लागतो, आवाज लागतो, रुसवे-फुगवे लागतात. १ एप्रिल १९९७ ला जपानमध्ये मालिका सुरू झाली आणि त्या रिकाम्या जागी दहा वर्षांचा अ‍ॅश येऊन बसला. गेममध्ये सुरुवातीला बल्बासॉर, चारमँडर आणि स्क्वर्टल यांतला एक निवडायचा असतो. अ‍ॅशला त्या दिवशी सकाळी जाग आली नाही, तिन्ही वाटून झाले होते, म्हणून त्याला पिकाचू हा विजेचा वार करणारा पोकेमॉन मिळाला. पहिल्या गेममध्ये पिकाचू हा १५१ पैकी एक, त्याचं वेगळं काही कौतुक नाही. त्याला जगभर नेलं ते मालिकेनं, आणि मग गेमच मालिकेमागे चालू लागला. १९९८ मध्ये जपानमध्ये आलेल्या ‘यलो’मध्ये पिकाचू आपल्या मागे मागे चालतो, मालिकेतल्या खलनायकांची, टीम रॉकेटमधली जेसी आणि जेम्स ही जोडीही भेटते. २०१६ मध्ये ‘सन’ आणि ‘मून’च्या चाचणी आवृत्तीत मालिकेतला अ‍ॅश-ग्रेनिन्जा, म्हणजे अ‍ॅशशी एकरूप होऊन रूप बदलणारा त्याचा ग्रेनिन्जा, खेळायला दिला होता. गेमशी इमान हाच एक निकष लावून या मालिकेला तोलता येत नाही, ते यामुळेच.

तरी गेमवाल्यांची एक जुनी तक्रार आहे आणि मी ती रास्त मानते. गेममध्ये जमीन प्रकारच्या पोकेमॉनवर विजेचा वार अजिबात लागत नाही. मालिकेत पाचव्याच भागात पिकाचू ब्रॉक या जिमच्या, म्हणजे लढतींच्या आखाड्याच्या, प्रमुखाच्या ओनिक्सला (हा जमीन आणि दगड अशा दोन्ही प्रकारांचा) जेरीस आणतो, कारण आग विझवायचे फवारे सुरू होऊन ओनिक्स भिजतो. पुढे ब्लेन या दुसऱ्या जिम-प्रमुखाच्या, जमीन प्रकारच्याच रायडनच्या शिंगावर वीज टाकून सामना फिरवतात. आमच्या एका फायररेडवाल्याला हे अजून सहन होत नाही. "ताई, इलेक्ट्रिक चालतच नाय ना जमिनीवाल्यावर! मंग हा कसा जिकते?" नियम पाठ करून, हरून, पुन्हा खेळून जो जिंकलेला असतो त्याला फवाऱ्यानं मिळवून दिलेला विजय फसवणूक वाटतो.

काय घडलं

सुटीत आम्ही पोरांकडून भित्तिपत्रक करून घेतो. सातवीत जाणाऱ्या एका मुलीनं लिकोचं चित्र काढलं, मांडीवर तिचा पोकेमॉन स्प्रिगाटिटो. खाली लिहिलं, ‘माह्यासारखी’. ही मुलगी फायररेडवाली. दादाच्या जुन्या फोनवर ती गेम खेळते, मुलगी निवडून, स्वतःचं नाव टाकून. तिच्या दृष्टीनं पोकेमॉनची नायिका मुलगी असणं ही नवी गोष्टच नव्हती. ती स्वतःच नायिका होती, मालिका आता कुठे तिच्यापर्यंत येऊन पोचली होती.

तिच्याच वर्गातल्या एका मुलानं चित्राखाली पेनानं ‘नकली’ असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी चित्र फाडलेलं सापडलं. कुणी फाडलं हे सगळ्यांना माहीत होतं आणि त्यानंही नाही म्हटलं नाही. उलट मलाच विचारलं, "अ‍ॅशले काहून काढलं? त्यानं काय केलं होतं?" कुणाला तरी कामावरून अन्यायानं कमी केल्यावर माणसं ज्या आवाजात बोलतात, तो आवाज होता.

मुलगी यायची थांबली. मग मुलांत गट पडले, एकमेकांचा गेम आणि मालिका यांना नावं ठेवणं सुरू झालं, आणि काही लहान पोरं नुसती मोठ्यांच्या मागे ओरडू लागली.

तक्रारी कागदावर

मी सगळ्यांना कागद दिले. नव्या मालिकेबद्दल काय आवडत नाही किंवा काय आवडतं ते लिहा, नाव घालू नका. हस्ताक्षरं मला ओळखू येत होतीच, पण नाव नसल्यामुळे पोरं मोकळी लिहिती झाली.

कागद येण्याआधी माझ्यासह बहुतेक मोठ्यांची समजूत होती की मुलांना मुलगी नायिका नको आहे. तसं लिहिलेले कागद आलेही, पण कमी. मिस्टी आणि सेरेना या जुन्या सोबतिणी आवडतात असं त्याच मुलांनी लिहिलं होतं. गेमवाल्यांचा राग निराळाच होता. लिको जिम जिंकून बॅज मिळवायला निघालेली नाही, तिच्या गळ्यातल्या लोलकाचं रहस्य आहे, उडतं जहाज आहे, मागावर माणसं आहेत. जिम कुठे आहेत? आणि ही पाल्डिया कोणती? पाल्डिया हा २०२२ मध्ये आलेल्या ‘स्कार्लेट’ आणि ‘व्हायोलेट’ या गेममधला प्रदेश. ते गेम खेळलेलं आमच्याकडे कुणी नाही. फायररेडवाल्यांसाठी नवी मालिका ही त्यांनी कधी न खेळलेल्या गेमवरची मालिका होती. जगातल्या चाहत्याला स्प्रिगाटिटो पाहून ओळख पटली असेल, इथं पटायला आधार नव्हता.

सगळ्यांत तिखट राग कप्तान पिकाचूवर निघाला. नव्या मालिकेत फ्रीड नावाच्या माणसाबरोबर टोपी घातलेला एक पिकाचू आहे. "तोंड तेच हाय, पण हा आपला पिकाचू नोय," असं एका कागदावर होतं. अ‍ॅश जाणं एक वेळ समजून घेता आलं असतं. पण तोच चेहरा दुसऱ्याच्या खांद्याशी पाहणं पोरांना जड गेलं. निर्मात्यांनी ओळखीची खूण म्हणून हा पिकाचू ठेवला असावा, पण आमच्या पोरांच्या बाबतीत तीच खूण दुखरी ठरली.

आणि मग एक कागद, एकाच ओळीचा: ‘अ‍ॅश कधी जिकला ते आमाले दिसलंच नाय.’

मी दुसऱ्या दिवशी सगळ्यांना विचारलं, अ‍ॅश जगज्जेता झालेला कुणी पाहिलं आहे? एकही हात वर झाला नाही. दोघा-तिघांनी मोठ्या भावाकडून ऐकलं होतं. बाकीच्यांना वाटत होतं की अ‍ॅश सारखा हरायचा म्हणून त्याला काढलं. चित्र फाडणाऱ्या मुलानं पाहिलेला अ‍ॅशचा शेवटचा मोठा सामना कालोस लीगचा अंतिम होता. तिथं अ‍ॅश-ग्रेनिन्जा आलेनच्या मेगा चारिझार्डपुढे हरतो. २०१६ मध्ये जपानमध्ये तो भाग लागला तेव्हा जगभरचे चाहते खवळले होते, कारण या वेळी तरी अ‍ॅश जिंकणार असं सगळ्यांना वाटत होतं. त्या चाहत्यांना पुढच्या वर्षांत भरपाई मिळाली. आमच्या या मुलाच्या टीव्हीवर तो पराभव पुन्हा पुन्हा लागत राहिला, आणि त्यानंतर एकदम लिको आली.

प्रकरणाची गाठ मला इथं सापडली. त्याचा राग लिकोवर नव्हताच. ज्याच्यावर जीव लावला तो हरलेला असतानाच दिसेनासा झाला, कुणी काही सांगितलं नाही, आणि त्याच्या जागी दुसरं कुणी बसलं.

काय केलं

मालिकेचे ते भाग मिळवून दाखवायची सोय नव्हती. मग वाचनालयाच्या ओट्यावर संध्याकाळी गोष्ट म्हणून सांगितलं. २०१९ मध्ये अलोलाची लीग अ‍ॅशनं जिंकली, प्रादेशिक लीगमधलं त्याचं पहिलं विजेतेपद. मग जगातल्या आठ सर्वोत्तम प्रशिक्षकांची स्पर्धा. स्टीव्हन, मग सिंथिया, आणि अंतिम सामन्यात कधीच न हरलेला लिऑन. शेवटी अ‍ॅशकडे पिकाचू, लिऑनकडे चारिझार्ड. पिकाचू कोसळायच्या बेतात असताना अ‍ॅशचे आजवरचे सगळे पोकेमॉन त्याला डोळ्यांपुढे दिसतात, तो उठतो आणि थंडरबोल्टनं सामना संपवतो. जपानमध्ये हा भाग ११ नोव्हेंबर २०२२ ला लागला. त्यानंतर निरोपाचे अकरा भाग झाले आणि २४ मार्च २०२३ ला अ‍ॅशची गोष्ट थांबली. ती थांबते तेव्हा तो पुन्हा प्रवासालाच निघालेला असतो.

तो मुलगा मधे मधे अडवत होता. ग्रेनिन्जा कुठं होता? एका भागात येऊन अ‍ॅशला मदत करून गेला, मी सांगितलं. चारिझार्डलेच हरवलं ना? हो, चारिझार्डलाच. "मंग त्याले कोणी काढलं नाय? तो सोताच गेला?" हे त्यानं दोनदा विचारून पक्कं करून घेतलं.

दुसरी गोष्ट पोरांनीच केली. एका फायररेडवाल्यानं टीव्हीवाल्याला फोन दिला, म्हणाला, ब्रॉकले हरवून दाखव. त्यानं नाव टाकलं ASH, चारमँडर घेतला, कारण अ‍ॅशकडेही होता. चौदाव्या पातळीच्या ओनिक्सनं त्याला बडवून काढलं. आगीचे वार दगडावर निम्मेच लागतात आणि इथं कुणी फवारे सुरू करत नाही. गवतात हिंडून चारमँडर तेराव्या पातळीवर न्यायचा, तिथं त्याला मेटल क्लॉ हा वार मिळतो, तो दगडावर चालतो, हे गेमवाल्यांनी त्याला थोडं छळून मग सांगितलं. ब्रॉक हरल्यावर त्यानं फवाऱ्यांची तक्रार स्वतःहून मान्य केली.

मृग लागल्यावर पहिला पाऊस पडला आणि पोरांच्या काडेपेट्यांत लाल मखमली मृगाचे किडे आले. त्या आठवड्यात मी सातोशी ताजिरींची गोष्ट सांगितली. पोकेमॉनचे जनक ताजिरी टोकियोजवळच्या माचिदा भागात वाढले आणि लहानपणी त्यांना किडे गोळा करायचा नाद होता. शहर पसरत गेलं, तळी-झुडपं गेली, किडेही गेले. पुढे दोन गेम बॉय जोडणारी तार पाहून त्यांना तिच्यावरून किडे इकडून तिकडे जाताना दिसले, आणि पकडायचं, पाळायचं, अदलाबदल करायचं या गेमची कल्पना तिथं सुचली. हे सांगताना कुणाला काही समजावून द्यावं लागलं नाही. काडेपेट्यांची अदलाबदल ओट्यावर चालूच होती, आणि तिच्यात टीव्हीवाले-फोनवाले असा भेद नव्हता.

काय साधलं, काय नाही

गट मोडले. मुलगा नवी मालिका बघत नाही. अ‍ॅशची गोष्ट पुरी झाली, मला दुसरी नको, असं त्याचं म्हणणं आहे आणि ते मला पूर्ण मान्य आहे. चाहत्याला थांबायचा हक्क असतो. बाकीच्यांतले काही बघतात आणि रॉयचा फ्युएकोको त्यांना आवडू लागला आहे.

मुलीच्या घरी मी गेले. मुलगा आधीच जाऊन माफी मागून आला होता. तिची आई म्हणाली, "तिनं दुसरं काढलं हाय, पण दाखवत नाय कोणाले." पेरणी आटोपल्यावर, शाळा उघडल्यावर ती वाचनालयात परत आली. भित्तिपत्रकाला तिनं पुन्हा चित्र दिलेलं नाही. मी मागितलंही नाही.

मुलाचा राग समजून घेण्यात माझी बरीच शक्ती गेली, पण फाटलेलं चित्र तिचं होतं. गेमनं २००० साली मुलींना जी जागा दिली, ती मुख्य मालिकेनं २०२३ मध्ये दिली. त्या जागेवर कुणीतरी आपल्यासारखं बसलेलं पाहून तिला झालेला आनंद हीसुद्धा चाहत्याचीच प्रतिक्रिया होती, आणि चिडलेल्यांच्या गलक्यात नेमकी तीच सगळ्यांत आधी दाबली गेली. मोठ्या पडद्यांवरच्या, मोठ्या चाहतावर्गांच्या वादांतही मला हेच होताना दिसतं. गमावलेल्याचा आवाज मोठा असतो, ज्याला काही मिळालं तो हळू बोलतो, आणि आपण आवाजावरून मत मोजतो. पुढच्या वेळी असं काही झालं तर कागद वाटताना ‘काय आवडलं’ हा प्रश्न मी आधी लिहीन.

क्रम सोडून पाहणाऱ्या पोरांसाठी वाचनालयात आता एक वही ठेवली आहे. कांटो, ऑरेंज बेटं, जोहतो, होएन, सिन्नो, युनोव्हा, कालोस, अलोला आणि शेवटचा जगप्रवास, या क्रमानं पानं पाडली आहेत. टीव्हीवर जो भाग लागेल तो पोरं त्या त्या पानावर नोंदवतात, म्हणजे अ‍ॅश आत्ता आयुष्यात कुठे आहे हे कळतं. सध्या वाद दुसऱ्या पानावर अडला आहे. १९९९ मध्ये अ‍ॅशनं ड्रेकला हरवून ऑरेंज लीग जिंकली होती, मग अलोलाला पहिलं विजेतेपद का म्हणायचं, असं त्या मुलानं लिहिलं आहे. ऑरेंज बेटं कोणत्याच गेममध्ये नाहीत, फक्त मालिकेत आहेत, म्हणून ते धरायचं नाही, असं खाली त्या मुलीनं लिहिलं आहे. त्याखाली त्याचं उत्तर आहे, आणि त्याखाली पुन्हा तिचं.